तळव्याखालचा जोड

मंठा रोडवरच्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलंच नाही. हौसेनं उंच करून मोठे टायर चढवलेली माझी जुनी जीप खड्डा लागला की स्टिअरिंगसकट थडथडायची. बाकीचे मिस्त्री आधी पाना हातात घ्यायचे. हा मला स्टिअरिंग डावं-उजवं हलवायला लावायचा, स्वतः गाडीखाली झोपायचा आणि डोळे मिटून एकेका जोडावर तळवा ठेवत ढिला जोड शोधायचा.

परवा मात्र त्यानं खाली एकाच जोडावर पुन्हा पुन्हा तळवा ठेवून पाहिला. मग बाहेर आला आणि तळवा पँटला पुसत राहिला.

"भाऊ, तुम्ही जा खाली. मी स्टिअरिंग धरतो. आजकाल मला बराबर कळून न्हाई राह्यलं."

मी आडवा झालो. इंजिन बंद होतं. त्यानं दाखवलेल्या, स्टिअरिंगच्या दांडीखालच्या जोडावर मी तळवा ठेवला. त्यानं स्टिअरिंग हलवलं आणि जोड खटकला.

"सापडला! थांबा आता, मिस्त्री."

जोड माझ्या हाताखाली बारीक थरथरतच राहिला.

"अहो, थांबा म्हटलं ना!"

वरून हळू आवाज आला, "मी तं कवाचाच थांबलोय, भाऊ. हातच थांबून न्हाई राह्यले."