वतनदाराची कपार

औषधालयात बाटली जागच्या जागी नसेल तर अनर्थ ओढवतो, या एका सूत्रावर आमच्या शेजारच्या कंपाउंडरांनी अवघे आयुष्य वेचले. डोळे मिटून हात घातला तरी हवी तीच बाटली हाती यावी, अशी त्यांची मांडणी. हे व्रत त्यांनी घरीही तितक्याच निष्ठेने चालवले. चपला, चष्मा, चहाची गाळणी, सारे आपापल्या स्थानी. आणि बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या पेटीतले दगडसुद्धा.

त्या पेटीत सिक्लिड मासे होते. रूप असे की पाहणाऱ्याने हात जोडावेत, आणि वृत्ती निव्वळ भाऊबंदकीची. त्यांतल्या एका निळ्या नराने मधल्या दगडाखालची कपार बळकावली होती. तिच्या आसपास कोणी फिरकले की तो बाणासारखा सुटे. वहिनी, म्हणजे कंपाउंडरांच्या पत्नी, त्याला ‘वतनदार’ म्हणत.

“अहो, तुमच्या वतनदारानं पिवळीचं शेपूट पार कुरतडलंय. बघा तरी!”

“बघतोय गं. सकाळपासून दुसरं काय करतोय?”

वहिनींचा जीव अकारण टांगणीला लागला नव्हता. पिवळीच्या, म्हणजे त्याच पेटीतल्या पिवळ्या मादीच्या, मुखात अंडी होती. ही जात अंडी तोंडातच जपते आणि पिल्ले सुटी होईपर्यंत माता अन्नाला शिवत नाही. एवढे खडतर तप, आणि वर हा छळ! फार गांजली तर ती सारे गिळून टाकते. मागे एकदा तसे घडलेही होते, आणि त्या दिवशी वहिनींच्या घशाखालीही घास उतरला नव्हता.

कंपाउंडरांनी उपाय थोडे केले नाहीत. खाणे वाढवले, तर वतनदार पुष्ट होऊन अधिकच माजला. त्याला काही दिवस बादलीत हद्दपार केले. परतला तो थेट आपल्या कपारीत शिरला आणि तिथे विसावलेल्या पिवळीला त्याने पहिल्याच धडकेत हुसकून लावले.

“पाहुणा म्हणून तरी दोन घटका गप्प बसावं!” कंपाउंडर करवादले.

“पाहुणा कसला? घर त्याचं, भाडेकरू आपण,” वहिनी म्हणाल्या.

दर रविवारी कंपाउंडर दगड बाहेर काढून घासत आणि केसभरही न चुकता पूर्वस्थानी बसवत. त्या रविवारी दगड घंगाळात असतानाच औषधालयातून तातडीचे बोलावणे आले. “कशाला हात लावू नकोस, आल्यावर मी रचतो,” असे बजावून ते गेले. इकडे आडोसा नाहीसा झाल्याने पिवळी कोपऱ्यात काचेला चिकटून थरथरत राहिली. वहिनींना ते पाहवेना. त्यांनी हाताला येईल तो दगड हाताला येईल तिथे सोडला.

कंपाउंडर परतले आणि दारातच थबकले.

“अगं, हे काय करून ठेवलंस? आडवा तो उभा, उभा तो पालथा!”

“मला काय पाठ आहे तुमचा नकाशा? जीव जात होता तिचा!”

ते बाही सरसावून पुढे झाले. पण हात पाण्याला टेकण्याआधीच थांबला. वतनदार वेड्यासारखा भिरभिरत होता. या दगडापाशी जाई, त्या दगडापाशी जाई. पण आपले म्हणावे असे त्याला काही सापडेना. राखायला हद्दच उरली नव्हती, मग धावून जायचे कोणावर? पिवळी एका तिरक्या दगडाखाली निवांत शिरली होती.

“म्हणजे दर रविवारी त्याचं वतन मीच त्याला परत देत होतो?” कंपाउंडर मटकन खुर्चीत बसले.

“शिक्क्यानिशी!” वहिनी म्हणाल्या.

तेव्हापासून दगड घासायचे कंपाउंडरांनी आणि रचायचे वहिनींनी, दर खेपेला निराळे. रचना चालू असता ते पाठ फिरवून बसतात. ती अव्यवस्था त्यांना सोसत नाही. काल मात्र त्यांच्याने राहवले नाही.

“तो डावीकडचा वाकडा बसलाय. बोटभर सरकवू?”

“खबरदार!”

त्या वाकड्या दगडाखालून जिऱ्याएवढी पिल्ले डोकावत होती. कंपाउंडरांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि पुटपुटले, “वाकडा तो वाकडाच, पण राहू दे तसाच.”