थांबायची सोय नसलेली गाडी

आधी चहा येऊ दे. ही गोष्ट कोरड्या घशानं सांगण्यासारखी नाही, आणि तुम्ही हसायला लागलात की मला मध्ये घोट घ्यायला काहीतरी पाहिजे. हसणार तर तुम्ही आहातच. माझ्या सासुरवाडीत अजून माझं नाव निघालं की बायका आधी तोंडाला पदर लावतात. एवढा मोठा गाढवपणा माझ्या हातून झालाय!

मोबाईल अजून खिशाखिशात आले नव्हते तेव्हाची गोष्ट. मी कोल्हापुरात नोकरीला, आणि बायको सुनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी. माहेर कुठं? गगनबावड्याच्या रस्त्यानं साळवणपर्यंत जायचं आणि तिथून डोंगरात वळायचं. वळलं की डांबर संपतं. मग दगड, मग लाल चिखल, मग ओढा, मग पुन्हा दगड, आणि मग एकदाची वाडी. तिथं एसटी जात नव्हती. जीपवाल्याच्या मनात आलं तर जीप जायची.

मुलगी झाली. सासऱ्यांचा, म्हणजे तात्यांचा, निरोप आला. "बारशाला या. आणि पावणं, यंदा गाडी दारात आली पायजे. थोरलं दोन्ही जावई साळवणला उतरून, विजार गुडघ्यापातुर वर करून येत्यात. तुमी कोल्हापूरचं हाय, तुमी तरी जरा ऐटीत या की!"

झालं! लेकीचं तोंड बघायचा आनंद राहिला बाजूला, माझी झोपच उडाली. सगळ्या वाडीसमोर, दोन्ही साडूंसमोर, लेकीच्या बारशाला मी कसा येतो यावर माझी जन्माची किंमत ठरणार होती.

गाडी घ्यायचीच होती. पण कसली? निम्मा रस्ता डांबर, निम्मा असला! आणि कोल्हापुरात गाडी घेणं ही काही तुमची खाजगी बाब नसते. तालमीच्या कट्ट्यावर मी नुसतं "बघतोय" म्हणालो, तर अख्खी पेठ कामाला लागली.

"जड गाडी घे, धडाड धडाड वाजणारी. डांबरावर हलत न्हाई."

"आणि चिखलात रुतली तर?"

"आमी हाय की उचलायला!"

"तुम्ही साळवणच्या ओढ्यात कुठनं येणार?"

"मग हलकी घे. पेट्रोलचा वास दिला तरी पळती."

"तिचं पोट घासतंय रे दगडाला!"

आठवडाभर हे चाललं. जड म्हटली की रुततेय, हलकी म्हटली की घासतेय. ऑफिसात मी फायलीवर सही करायच्या जागी टायर काढत होतो.

शेवटी कुणीतरी मला उद्यमनगरात आण्णाप्पांकडं नेलं. आण्णाप्पा मूळचे निपाणीकडचे, मोठे हौशी मिस्त्री. ते म्हणाले, "रोडला बी पायजे, डोंगराला बी पायजे, असली गाडी हितं मिळतच न्हाई. आपुनच करायची." आणि त्यांनी कोपऱ्यातल्या गाडीवरची ताडपत्री ओढली.

काय गाडी होती म्हणून सांगू! साधीच मोटरसायकल, पण पुढचे शॉकअप लांब केलेले, मडगार्ड वर, सायलेन्सर पार सीटजवळ, मागं चिखलात पकड घेणारा बटणाबटणांचा टायर. घोड्यासारखी उभी! मी तिथंच पाघळलो.

"आण्णा, जरा उंच नाही का?"

"उंचच पायजे की! खाली दगुड लागाय नको."

गाडी डबल स्टँडवर होती आणि शेजारी वर्कशॉपचा कट्टा होता. मी कट्ट्यावर चढलो आणि तिथून रुबाबात सीटवर बसलो. माझ्याबरोबर आलेले तालमीतले चारपाच पैलवान कौतुकानं बघत होते. आण्णाप्पांनी विचारलं, "पाय पोचत्यात न्हवं?"

आता तुम्हीच सांगा. पैलवानांसमोर, भर उद्यमनगरात, पुरुषमाणसानं काय उत्तर द्यायचं?

"पोचतात की!" मी म्हणालो.

त्यांनी गाडी ढकलून दिली आणि मी निघालो. पन्हाळ्याच्या रस्त्याला गेलो, शेतातल्या बांधावरनं हाणली, दगडावरनं हाणली. लोण्यासारखी चालली! दुपारची वेळ, रस्ता मोकळा, कुठं थांबायचं कामच पडलं नाही. परत आलो तो थेट कट्ट्याला लावली. गाडी माझी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या चौकात पोलिसानं हात केला तेव्हा मला कळलं की माझे पाय हवेत आहेत.

दोन्ही! डाव्या बाजूला पार घसरलो तर अंगठा तेवढा टेकायचा, तोही चप्पल जाड असेल तर. मी थांबलो नाही. पोलिसाभोवती एक चक्कर मारली आणि आलो तसा परत गेलो. मागनं त्याची शिट्टी बराच वेळ ऐकू येत होती.

आण्णाप्पांना जाऊन सांगावं? कसं सांगणार? "पोचतात की" म्हणून बसलो होतो! मग मी कोल्हापुरातले सगळे कट्टे पाठ केले. कुठं फुटपाथ उंच आहे, कुठं रस्त्याखालच्या मोरीला कठडा आहे, कुठं देवळाची पायरी रस्त्याला लागून आहे. लोक पत्ता विचारताना दुकानाचं नाव विचारतात, मी विचारायचो, "तिथं टेकायला काय आहे?"

बारशाचा दिवस उजाडला. आई म्हणाली, "मी त्या मनोऱ्यावर चढायची न्हाई. मी मागनं वडापनं येते." वडाप म्हणजे आमच्याकडची माणसं कोंबून नेणारी जीप. मी नवा सदरा घातला, मागच्या सीटवर लेकीचा नवा लाकडी पाळणा आडवा बांधला, आणि दाराच्या पायरीवरून गाडीवर बसलो. पाळण्यामुळं एक वांधा झाला. आता मला बाजूला घसरताही येईना. म्हणजे अंगठ्याचा आधारही गेला.

वाटेतल्या कळे गावापर्यंत ठीक चाललं. कळ्याच्या स्टँडवर बघतो तर कोण? दत्तूमामा! सुनंदाचे सख्खे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, बारशाला जायला वडापची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभे. मला बघून त्यांनी आनंदानं हात वर केला.

आता आली का पंचाईत! लेकीच्या बारशाला निघालेला जावई मामेसासऱ्याला बघून थांबत नाही, असं आपल्याकडं कधी झालंय? मी कट्टा शोधायला लागलो. कट्टा नाही. मैलाचा दगड नाही. होती ती एक म्हैस, आणि ती रवंथ करत माझ्याकडं संशयानं बघत होती. मी मामांभोवती एक चक्कर घेतली.

"अवो जावईबापू, थांबा की!"

"मामा, थांबता येत नाही!"

मी दुसरी चक्कर घेतली. मामा जागच्या जागी फिरत होते. वाऱ्यानं माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी चाललं होतं, आणि भीतीनं तोंड पांढरंफटक पडलं असणार.

"आक्का न्हाईत संगं?" मामांनी आईबद्दल विचारलं.

मी नुसती मान हलवली. दोन्ही हात हँडलला, डोळे म्हशीवर, बोलणार कधी? "वाडीवर सांगतो सगळं!" एवढं ओरडलो आणि सुटलो.

आता मामांच्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? जावई थांबत नाही, रडतोय, आईबद्दल विचारलं तर मान हलवतोय. मामांना हिशेब घालायला वेळ लागला नाही. ते थेट एसटीडी बूथवर गेले आणि साळवणच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदार तात्यांच्या भावकीतला. तो फटफटी काढून वाडीकडं सुटला.

मला यातलं काही माहीत नाही! मी साळवणला पोचलो तर वळणावर उसाचा ट्रक आडवा. थांबणं शक्य नव्हतं, म्हणून वळायचं सोडून सरळ गेलो. किती सरळ? पार गगनबावडा! तिथं धुक्यात एका मोरीचा कठडा दिसला तेव्हा कुठं पाय टेकला. अर्धा तास त्या कठड्याला धरून उभा होतो. परत यायचं धाडस गोळा करायला तेवढा वेळ लागलाच.

मग परत आलो, साळवणला वळलो, आणि खरं सांगतो, त्या कच्च्या वाटेवर गाडीनं डोळ्यांचं पारणं फेडलं. दगड म्हणू नका, चिखल म्हणू नका, ओढ्यातनं तर पाणी उडवत गेली! साडूंची तोंडं डोळ्यांसमोर आणत मी हॉर्न वाजवत वाडीत शिरलो.

वाडी शांत होती.

दारात तोरण नाही. पुरुषमाणसं टोप्या काढून अंगणात खाली बसलेली. तात्या डोक्याला हात लावून. आणि घरातून बायकांच्या रडण्याचा आवाज.

पहिला विचार आला तो लेकीचा. अजून मी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं हो! आणि त्यात भर म्हणजे मला थांबता येईना. मी तुळशीभोवती चक्कर घेतली. लोक उठून उभे राहिले. मी दुसरी चक्कर घेतली. "सुनंदा कुठाय? बाळ कुठाय?" मी गाडीवरनं ओरडत होतो.

"दुःखानं येडापिसा झालाय बगा," कुणीतरी म्हणालं. "धरा त्याला!"

धरायच्या आत मी वैरणीच्या गंजीत घुसलो. गाडी थांबली. मी पाळण्यासकट गवतात.

धावत उठलो तर सुनंदा दारात, छातीशी बाळ, डोळे सुजलेले. बाळ टकामका बघत होतं! मी तिथंच मटकन बसलो आणि हुंदके देऊन रडायला लागलो. सुटकेचं रडू होतं ते. पण सासूबाई माझ्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाल्या, "रडून घ्या, बाबा. मन मोकळं करा. आई ती आईच."

"आई?" मी म्हणालो. "आईचं काय?"

दुकानदार खाली मान घालून म्हणाला, "कळ्यास्नं फोन आलाय."

संपलं! मला वाटलं, मी घरातनं निघाल्यावर मागं काहीतरी झालं. मी तिला त्या वडापमध्ये एकटी सोडून आलो! डोंगरातला रस्ता, कोंबलेली जीप, सगळं डोळ्यांपुढं आलं. मग मी जो गळा काढला! मला बघून सुनंदानं काढला, तिला बघून सासूबाईंनी, आणि मग अख्ख्या वाडीनं. तात्यांनी सुतक पाळायचं ठरवून बारसं कधीच रद्द केलं होतं. पुरणाचं पातेलं झाकून ठेवलं होतं.

तेवढ्यात जीप आली.

जीपमधनं आई उतरली. तोंडात पान, हातात बाळाच्या कुंचीची पिशवी. आतला आकांत ऐकला, मला गवत लागलेल्या अंगानं रडताना बघितलं, शेजारी मोडका पाळणा बघितला. तिच्या हातातनं पिशवी गळली आणि तिनंही छाती बडवायला सुरुवात केली. एक मिनिटभर सगळी वाडी रडत होती, मेलेल्या माणसासकट!

आधी तात्या गप्प झाले. मग एकेक करत सगळे. आई एकटीच रडत राहिली, मग तीही थांबली आणि म्हणाली, "गेलं कोण पण?"

कोण सांगणार? जीपच्या मागच्या फळीवर दत्तूमामा बसले होते. कळ्याला ते याच वडापमध्ये चढले होते, आणि आत आईला पान चघळताना बघून त्यांची वाचाच बसली होती. सबंध वाटेत कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. आता ते उतरले आणि तरातरा माझ्याकडं आले.

"जावईबापू, मला एकच सांगा. तुमी थांबला का न्हाईसा?"

समोर तात्या. दोन्ही साडू, विजारी अजून गुडघ्यापर्यंत वर. सगळी वाडी कान देऊन. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सुटायला वाट नव्हती.

"पाय पोचत नाहीत," मी म्हणालो.

"कशाला पोचत न्हाईत?"

"जमिनीला."

आधी सुनंदा हसली. लेकीला हिंदकळत, डोळे पुसत, भिंतीला टेकून हसली. मग आई. थोरले साडू तर गंजीला धरून हसत होते. फक्त तात्या हसले नाहीत. ते गंजीतल्या गाडीकडं गेले, सीटची उंची हातानं मोजली, मग लांबूनच माझी मोजली, आणि म्हणाले, "पुरण गरम करा. बारसं आजच."

लेकीचं नाव ठेवलं, पाळणा दोरीनं बांधून हलवला, सगळं रीतसर झालं. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

तात्या मात्र मायाळू माणूस. पुढच्या खेपेला गेलो तर वाडीच्या तोंडाशी, वाटेला लागून, त्यांनी चांगला दगडी कट्टा बांधून घेतला होता. खास जावयाला पाय टेकायला. मी ओशाळलो, पण पाय टेकला. नाही कसं म्हणणार? काही दिवसांनी ती गाडी मी एका उंच माणसाला देऊन टाकली. पुढं डांबर वाडीपर्यंत गेलं, एसटी सुरू झाली, आणि गाडी थांबायला जागा हवी म्हणून तिथंच थांबा केला. आता कंडक्टर भर गर्दीत घंटी मारून ओरडतो, "चला, जावयाचा कट्टा!" आणि उतरणारे सगळे एकमेकांना त्याचा इतिहास सांगतात.

मी आधीच्या थांब्याचं तिकीट काढतो आणि पुढं चालत जातो.