भागीरथीबाईंचा वरवंटा

डिसेंबर महिन्यात भागीरथीबाईंच्या घरी चटणी वाटली जात नसे. कारण त्यांचा वरवंटा त्या महिन्यात नोकरीला असे. संध्याकाळी शाळा सुटली की तो कामावर रुजू व्हायचा आणि सकाळच्या प्रार्थनेआधी घरी जायचा. इतका नियमित कर्मचारी आमच्या शाळेत दुसरा नव्हता. मी तर नव्हतोच.

शाळा कळंबोलीतली, सिस्टर लोकांची. सिस्टरांची शाळा म्हटल्यावर दगडी इमारत, मनोरा, बाग असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. बैठ्या घरांच्या ओळीतली पाच घरं मधल्या भिंती पाडून जोडली होती. तिसरीच्या वर्गात अजून मोरी होती आणि शिक्षा झालेलं पोर त्या मोरीत उभं राहायचं. वर्ग चौथीपर्यंत, मुलं एकशे ऐंशी. त्यात ख्रिस्ती घरं मोजून अकरा. बाकीची पोरं लोखंड बाजारातल्या माथाड्यांची, ट्रकवाल्यांची, आणि नव्या सोसायट्यांत कर्ज काढून आलेल्या माझ्यासारख्यांची. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा. तो भागीरथीबाईंच्या नवऱ्याने, पंढरीने, बाजारातून खांद्यावरून आणून टांगला होता. पुढे पंढरी वारला. घंटा राहिली आणि ती वाजवायला भागीरथीबाई राहिल्या.

त्या शाळेच्या आयाबाई. पोरं त्यांना मावशी म्हणायची. नाकं पुसणं, चड्डीची बटणं लावणं, डबे ओळखणं ही त्यांची कामं. दीडशे सारख्या स्टीलच्या डब्यांतून कुठला कुणाचा, हे त्या वासावरून सांगत. मुख्याध्यापिका सिस्टर लिओनिला मंगळूरकडच्या. त्या मराठी शिकल्या ते भागीरथीबाईंच्याकडून, त्यामुळे ते मराठी थेट माण तालुक्यातलं होतं. पालकसभेत पांढऱ्याशुभ्र झग्यातल्या सिस्टर हात जोडून, अत्यंत गोड आवाजात ‘वाईच गप ऱ्हावा की’ म्हणायच्या, तेव्हा नवे पालक दचकायचे आणि माथाडी पालक खूश व्हायचे.

सण मात्र आमच्याइतके कुणी केले नसतील. आठ सप्टेंबरला माऊलीचा, म्हणजे ख्रिस्ताच्या आईचा, वाढदिवस. त्या दिवशी पोरं फुलं आणायची आणि भागीरथीबाई नावड्याच्या शेतातून भाताच्या नव्या लोंब्या. त्याच सुमाराला गौरी यायच्या. सकाळी शाळेत माऊली, संध्याकाळी घरी गौर. तबक तेच, हळदकुंकू तेवढं वेगळं. दसऱ्याला पोरं पाटीवर सरस्वती काढायची तेव्हा सिस्टर ऑफिसात जाऊन महत्त्वाचा फोन करायच्या. ऑफिसात फोन नव्हता.

आणि मग नाताळ. नाताळचा गोठा भागीरथीबाईच करायच्या. सिस्टरांनी पहिल्या वर्षी कागदावर चित्र काढून दिलं होतं. ते बघून बाई म्हणाल्या की हा गोठा ज्यानं काढला त्याच्या घरी जनावर नसावं. मग त्यांनी शेण आणलं, कूड सारवला, पेंढा टाकला, दावी बांधली. बाळाला ठेवायला गव्हाण हवी होती, ती काही जमेना. तेव्हा त्यांनी घरून आपला पाळणा आणून टांगला. लाकडी, कडेला रंगीत चिमण्या असलेला. त्यांचा एकुलता एक मुलगा धनाजी त्याच पाळण्यात वाढला होता. सिस्टरांना पाळणा इतका आवडला की तो शाळेचाच झाला.

घोटाळा पुढे होता. नाताळच्या आधी चार रविवार वाट बघायची आणि तोवर बाळाची जागा रिकामी ठेवायची, हा सिस्टरांकडचा रिवाज. मातीचं बाळ कपाटात, कुलपात. ते चोवीस तारखेच्या संध्याकाळी बाहेर निघणार. आणि भागीरथीबाईंकडचा रिवाज असा की रिकामा पाळणा टांगता ठेवू नये, आणि हलवू तर नयेच. हलवला तर ज्याच्या घरचा पाळणा त्याच्या घरच्या बाळावर येतं. बारशाला आधी वरवंटा निजवतात आणि मग मूल, ते काय उगाच? म्हणून रोज संध्याकाळी बाई आपला वरवंटा कुंचीत गुंडाळून पाळण्यात निजवत. सिस्टरांनी पहिल्यांदा ती कुंची उघडली तेव्हा बराच वेळ त्या दगडाकडे बघत होत्या. मग हसून म्हणाल्या की सकाळी पोरं यायच्या आत उचलत जावा. असा तह झाला आणि तो चार वर्षं टिकला.

शहाण्णव सालच्या डिसेंबरात धनाजीची बायको उज्वला आठ महिन्यांची होती. आधीची दोन पोटातच, तीन-चार महिन्यांची असताना गेली होती. हे तिसरं टिकलं होतं. बाई जिना चढताना सुनेच्या मागून चढत आणि उतरताना पुढून उतरत. पाळण्याबद्दल मी एकदा म्हणालो की यंदा घरी न्या. तर म्हणाल्या, मूल यायच्या आधी पाळणा घरात टांगू नये, हितंच बरा हाय, वरवंटा हाय की राखनीला.

दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून मोठ्या मदर पाहणीला आल्या. यायच्या होत्या दुपारी, आल्या सकाळी सातला. पोरं नव्हती, सिस्टर आपल्या खोलीत प्रार्थनेत होत्या, आणि मदरनी गोठ्यात वाकून बाळाच्या जागी काय आहे ते पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं सिस्टर नंतर म्हणाल्या. त्यांनी फक्त विचारलं की हे काय आहे, आणि सिस्टरांना सांगता आलं नाही. माणच्या मराठीत आलं असतं, इंग्रजीत येईना.

त्या दिवशी सिस्टरांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. मी हजेरीपट घेऊन तिथेच उभा होतो. यंदा वरवंटा नको, असं त्या म्हणाल्या. समजावून सांगितलं की ती जागा रिकामी असते कारण आम्ही वाट बघतो.

भागीरथीबाई म्हणाल्या, “वाट बगायची तर जागा रिकामी ठेवू नये, सिस्टर. रिकाम्या जागी कुनीबी येऊन बसतं.”

बाईंनी वरवंटा पिशवीत घातला आणि घंटा द्यायला गेल्या. घंटा चार मिनिटं उशिरा झाली. तेवढीच.

एकवीस तारखेला, शनिवारी, नाताळचा कार्यक्रम. त्याचं सगळं माझ्याकडे असे. आदल्या वर्षीचा कार्यक्रम फारच निर्जीव झाला होता. मेंढपाळ झालेला पहिलीतला स्वराज स्टेजवर झोपला होता. म्हणून यंदा मी एक अंगाईगीत लिहिलं आणि पहिली-दुसरीच्या पोरांनी ते म्हणत पाळण्याची दोरी ओढायची असं बसवलं. आदल्या दिवशी तालीम संपल्यावर भागीरथीबाई माझ्याकडे आल्या. मास्तरणी भोवती होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, “गुरुजी, गानं म्हना. दोरी तेवढी वढू नका. पोरांना नुस्तं हातानं दाखवाय लावा.”

मला हो म्हणता आलं असतं. त्यात काही जात नव्हतं. पण भोवती माणसं असली की मला गप्प बसवत नाही. मी म्हणालो, “भागीरथीबाई, पाळणा हलला म्हणजे पोरं येतात आणि मग ती आपल्याच शाळेत येतात. शाळा चालायला नको?” मास्तरणी हसल्या. बाईही हसल्या. मला वाटलं, विषय संपला.

कार्यक्रम उत्तम झाला. ट्रकवाले पालक शिट्ट्या मारत होते. स्वराज जागा होता. त्याने आणि पहिलीतल्या वैष्णवीने मिळून दोरी अशी काही ओढली की पाळणा दोन्ही कडेला कुडावर आपटायला लागला, आणि लोकांनी टाळ्या वाजवून पुन्हा म्हणायला लावलं. मी पेटीवर होतो. मान वर केली तेव्हा बाई मागे घंटेपाशी उभ्या दिसल्या. त्यांनी एका हाताने तो रुळाचा तुकडा घट्ट धरून ठेवला होता, जसं काही तोही हलेल.

रविवारी दुपारी उज्वलाचं डोकं दुखायला लागलं. पायांवर सूज होतीच. पनवेलला नेलं. सोमवारी सकाळी मुलगी झाली, ती रडली नाही. डॉक्टरांनी धनाजीला सांगितलं की रक्तदाब फार चढला होता, मूल आधीच गेलं होतं, आई वाचली हेच पुष्कळ. आता पुन्हा मूल होऊ देऊ नका. हे सगळं त्यांनी नीट, दोनदा समजावून सांगितलं. मी तिथे होतो म्हणून मला पाठ आहे.

दुपारी आम्ही चार पुरुष गेलो. कामोठ्याच्या बाजूला, स्मशानाच्या कडेला लहान मुलांना पुरायची जागा आहे. धनाजी बाजारात दीड-दोन मणाचं लोखंड उचलणारा माणूस. त्या दिवशी त्याच्या हातात काय ते एवढंसं, आणि ते त्याला नीट धरता येत नव्हतं. माती लोटल्यावर त्याने पिशवीतून वरवंटा काढला.

“आई म्हनली, वर ह्यो ठिव. कुत्री न्हाय उकरनार.”

त्याने तो ठेवला. कुंचीसकट.

चोवीस तारखेची संध्याकाळ आली. जवळपास चर्च नव्हतं, त्यामुळे त्या अकरा घरांची प्रार्थना शाळेतच व्हायची. माणसं जमली, मेणबत्त्या लागल्या, आणि मग लक्षात आलं की मातीच्या बाळाच्या कपाटाची किल्ली भागीरथीबाईंच्या कनवटीला. आणायला कोण जाणार? सिस्टर माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे. तेवढ्यात बाईच दारात उभ्या राहिल्या. आल्या तशा बाहेरच थांबल्या आणि वाकून किल्ली उंबऱ्यावर ठेवली.

सिस्टर म्हणाल्या, “आत यावा, बाई.”

“सुतक हाय,” भागीरथीबाई म्हणाल्या. “तुमच्या बाळाला कशाला.”

सिस्टर पुढे आल्या. किल्ली उचलली नाही. उंबरा ओलांडून त्या बाहेर गेल्या आणि झगा सावरून पायरीवर बसल्या. मग बाईही दोन पायऱ्या खाली, अंतर ठेवून बसल्या. सिस्टर म्हणाल्या की चूक त्यांची होती. मी मागून म्हणालो की माझी होती, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही पुन्हा सांगितलं, रक्तदाब वगैरे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आम्हा दोघांचीच समजूत काढायची वेळ आल्यासारख्या म्हणाल्या, “दोरी मी वढली न्हवती. पन पाळना माझा व्हता. उज्वलाला तेवढं सांगू नका. ती घरी आली की इचारील, पाळना कुटं हाय.”

आत लोक खोळंबले होते. शेवटी मीच किल्ली घेऊन कपाट उघडलं. मातीचं बाळ उचललं आणि पाळण्यात निजवलं. त्या वर्षी कुणी दोरीला हात लावला नाही. आता लावला असता तरी चाललं असतं.

तेरा दिवसांनी भागीरथीबाई कामावर आल्या. नाकं पुसली, डबे ओळखले. उज्वलाने पाळण्याचं विचारलं की नाही, मला कळलं नाही. सांगण्यासारखं असतं तर बाईंनी सांगितलं असतं. मी वर्षभर स्टाफरूममध्ये फारसे विनोद केले नाहीत. मास्तरणींना वाटलं, मला ॲसिडिटी झाली.

पुढच्या नोव्हेंबरच्या शेवटी, पहिल्या रविवारच्या आधी, सिस्टर लिओनिला रिक्षाने एकट्या पनवेलला गेल्या आणि संध्याकाळी मांडीवर जड पिशवी घेऊन परत आल्या. गोठा त्यांनी आणि मीच सारवला, वाईट सारवला. पाळणा टांगला आणि त्यात नवाकोरा वरवंटा पांढऱ्या रुमालात गुंडाळून निजवला. मोठ्या मदरना त्यांनी आधीच पत्र लिहिलं होतं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

सकाळी भागीरथीबाई झाडायला आल्या. गोठ्यापाशी थांबल्या. रुमाल उघडला आणि वरवंट्यावरून बोट फिरवलं. आम्ही दोघं ऑफिसाच्या दारात, निकालाला उभी राहिलेली पोरं जशी.

“गुळगुळीत हाय,” त्या म्हणाल्या. “पाथरवटाकडनं टाकी लावून घ्याय पायजे.” मग तो त्यांनी उचलून काखेत मारला. “सिस्टर, ह्यो घरी नेते. वरीस झालं, घरात वरवंटा न्हाय.”

सिस्टर पाळण्याकडे बघत म्हणाल्या, “आनि ह्यात?”

“ऱ्हाऊ द्या रिकामा,” भागीरथीबाई म्हणाल्या. “आमच्यात आता कुनी यायचं न्हाय.”

आणि घंटा द्यायला गेल्या. घंटा वेळेवर झाली.

दोन-तीन दिवसांनी मधल्या सुटीत त्यांनी माझ्या डब्याच्या झाकणात लसणाची चटणी वाढली. डिसेंबर लागला होता. चटणी चांगली झाली होती, अगदी बारीक वाटलेली.