मावशीची आंघोळ

माझी मावशी नवेगाव बांधजवळच्या एका खेड्यात एकटीनं धानाची शेती करायची. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नव्हतं. बांधीत कुणाची म्हैस शिरली की ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून असा आवाज टाकायची, की गुराखी म्हैस तिथंच सोडून पळायचा. तिला कुणी बिचारी म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही.

सत्तरी ओलांडल्यावर तिला लकवा मारला. उजवं अंग लुळं पडलं आणि जीभ जड झाली. बोलायची, पण शब्द एकमेकांत अडकायचे. गोंदियात दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दोघींचं करणं होईना, म्हणून मावशीला देवरीच्या रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. जागा स्वच्छ होती, जेवण बरं होतं. मी रविवारी बसनं जायची आणि तिच्यासाठी मुरमुऱ्याचे लाडू न्यायची.

धानकापणीच्या दिवसांतला एक रविवार. तिच्या खाटेजवळ गेले तर अंगाला वास येत होता. मी तिथल्या कामाच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "आंघोळ करूच देत नाही. हात लावला का चावते."

मी स्वतः पाणी गरम करून आणलं. लुगड्याच्या गाठीला हात घातला तर मावशीनं डाव्या हातानं माझ्या मनगटावर जोरात मारलं. मग माझा चेहरा नीट पाहिला आणि ती रडायला लागली. लुगडं सोडलं तेव्हा मला दिसलं. मांड्यांच्या आतल्या बाजूला बोटांचे निळे वळ होते.

"मावशी, कोनं केलं हे?"

बराच वेळ लागला तिला. "तो... उचलते ना. आंघोरीले नेते. दार लावते." मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "मी ओरडते बाई. आवाजच नाही निंगत."

तो म्हणजे म्हाताऱ्यांना उचलून न्यायला ठेवलेला माणूस. चाळिशीचा, हसतमुख. सगळ्या बायकांना आई म्हणायचा. मलाही येता-जाता नमस्कार करायचा.

मी मॅनेजरकडे गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "देखिए मॅडम, लकवे के बाद दिमाग पे असर होता है. मागच्या महिन्यात सांगत होत्या, नवरा भेटायला आला म्हणून."

"नवरा स्वप्नात येतो तिच्या. पण हे वळ स्वप्नातले आहेत का?"

"उचलताना लागतं. जान-बूझके कौन करेगा, इस उमर में?"

हे 'इस उमर में' मी नंतर किती तोंडांतून ऐकलं. पोलीस ठाण्यात ऐकलं, नातेवाइकांकडून ऐकलं. जणू वय झालं की बाईचं अंग कुणाचंच राहत नाही.

पोलिसांत तक्रार दिली आणि त्या माणसाला अटक झाली. एक महिला अधिकारी आश्रमात आल्या. त्यांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि खाटेवर बसून मावशीचा हात हातात घेतला. खूप सावकाश विचारलं. मावशीचे शब्द अडकले. त्यांनी परत सांगायला लावलं, परत अडकले. शेवटी तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

तेव्हा शेजारच्या खाटेवरची म्हातारी बोलली. माझ्याशी कधी एक शब्द न बोललेली बाई. छताकडे बघतच म्हणाली, "खोटं नाही बोलून राहिली ते. माह्यासंगबी केलं त्यानं."

अधिकारीबाईंनी सगळं लिहून घेतलं. जाताना मला म्हणाल्या, "आता जोर येईल केसला." त्या दिवशी बसमध्ये मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

पुढच्या रविवारी त्या म्हातारीचा मुलगा आला होता. मला अंगणातच अडवून म्हणाला, "ताई, तुमची मावशी, तुमचं तुम्ही बघा. माझ्या पोरीचं लग्न जुळून राहिलं आहे. कायले आमची इज्जत काढता?"

"आणि तुमच्या आईची?"

"आई आज आहे, उद्या नाही," तो म्हणाला आणि आत गेला. नंतर मी खोलीत गेले तर म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. अधिकारीबाई पुन्हा आल्या तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "मले काही आठवत नाही."

मी मावशीला घरी आणलं. सासूबाईंच्या खोलीतच दुसरी खाट टाकली. आता लुगड्यावरूनच ओल्या फडक्यानं तिला पुसते. गाठीला हात लावू देत नाही ती अजून.

आश्रमाच्या विश्वस्तांना मी सांगितलं होतं, बायकांना आंघोळ बायकांनीच घालावी आणि दोघींनी मिळून घालावी. त्यांनी मान्य केलं. काही दिवस तसं चाललं. मग कामाच्या बायका सोडून गेल्या, दुसऱ्या मिळाल्या नाहीत, आणि उचलायला पुन्हा एक पुरुष आला. शेजारची म्हातारी तिथंच आहे.

आधीचा तो माणूस जामिनावर सुटला. खटला अजून उभा आहे, तारखा पडतात. मावशीची साक्ष कधी होईल आणि तोवर ती बोलू शकेल का, हे वकीलही सांगत नाहीत.

या उन्हाळ्यात गोंदियाच्या एका दवाखान्यासमोर मी त्याला पाहिलं. त्याच्यापुढे व्हीलचेअरवर एक आजी आणि बाजूला त्यांची सून. मी त्या सुनेला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"निकाल लागला का केसचा?" तिनं विचारलं.

"नाही अजून."

"मग? आम्हाला दुसरा माणूस कुठं मिळणार? माझ्यानं त्यांना उचलवत नाही."

ऑटो आला. त्या माणसानं मला ओळखलं, नमस्कार केला. मग वाकून म्हणाला, "चला आई," आणि आजींना दोन्ही हातांवर उचलून आत बसवलं. आजी रस्त्याकडे बघत होत्या. त्यांना बोलता येत होतं की नाही, ते मला कळलं नाही.