बट्टीच्या कढईतले वेफर्स

यावलला आम्ही घरीच केळीचे वेफर्स करायला घेतले. धुळ्याचा एक दुकानदार म्हणाला होता, "डबाभर नमुना आणा. सगळा एका रंगाचा निघाला तर दर आठवड्याला माल घेतो." बायकोनं शिवणकाम सोडून यावरच भिस्त ठेवली. कढई आणायचं काम तेवढं माझ्यावर सोपवलं. तिथंच ती चुकली.

लग्नात वरणासोबतच्या कणकेच्या बट्ट्या तळतात ती जाडजूड कढई मी उचलून आणली. आख्ख्या गावाच्या बट्ट्या हिच्यात लाल होतात, तिथं केळीच्या चकत्या काय चीज! शिवाय जाड बूड एकदा तापलं की गॅस कमी लागतो. पण बट्टी निवांत तळते, चकतीचं काम पापणी लवेपर्यंत होतं. तेल फार तापलं म्हणून मी गॅस बारीक केला, तर कढई ऐकेचना. चकत्या काळ्या. घाबरून गॅस बंद केला, तर पुढचा घाणा तेल पिऊन मऊ.

"तुम्ही गॅस चालवून राह्यले, का गॅस तुम्हाले?" बायको म्हणाली.

मग पातळ पत्र्याची आणली. ती लगेच ऐकायची, पण माझंच लक्ष नसायचं. शेजाऱ्याशी दोन शब्द बोललो की घाणा जळालाच.

शेवटी दोघं कढया बनवणाऱ्या ओळखीच्या चाचांकडे गेलो. त्यांनी मापबीप विचारलंच नाही.

"एका घाण्याला केळी किती? आणि भट्टीवर बसणार कोण?"

"मी," मी छाती काढून म्हणालो.

"मग जाडच घे, तिच्याकडे सारखं बघावं लागत नाही. तू बोलायला लागला की तुला हात आहेत हेच विसरतो."

मला वाटायचं, आधी कढई घ्यायची, आच सांभाळायचं मागाहून बघू. चाचा दोन्हींचा विचार एकदमच करत होते.

"चाचा, मी बसते," बायको म्हणाली. "घाणाही लहान ठेवते."

चाचांनी मधल्या जाडीची करून दिली. तिनं रंग जुळेपर्यंत घाणा कमी-जास्त करून पाहिला. मी केळी सोलली, सालं पण जाडच काढली.

धुळ्याच्या दुकानदारानं डब्यात कोपरापर्यंत हात घातला, तळाचे वेफर्स वरच्यांशेजारी ठेवले.

"बठ्ठा माल एकच रंगना शे, भाऊ. दर सोमवारी आणा. फक्त तळणारा बदलू नका."

"अहो, बदलला म्हणूनच इथपर्यंत आलो," मी म्हणालो.