वाढ्यांचा कठडा

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा, पण चहा सांडू नका. आमच्या गावच्या बैलगाडा शर्यतीत मी असा काही घोळ घातला, की ढोकीच्या बाजारात अजून लोक मला बघून तोंडाला रुमाल लावतात.

मुळात मी पिठाची गिरणी चालवणारा माणूस. आमच्या घरात बैल येतो तो पोळ्याला, मातीचा. तरी यात्रा कमिटीनं यंदा शर्यतीचा अध्यक्ष मला केलं, कारण गावातल्या दोन्ही पार्ट्यांचं दळण माझ्याकडंच येतं. मी लगेच हो म्हणालो. का? तर माझ्या सासऱ्यांची जोडी पळणार होती.

आमचे मामा, म्हणजे हे सासरे, तेरखेड्याकडचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या गृहस्थानं माझ्याबद्दल कधी एक बरा शब्द काढलेला नाही. बैलांबद्दल मात्र तासभर बोलतील. त्यातला सरदार आता उताराला लागलेला, ही त्याची शेवटची शर्यत. मनात म्हटलं, शर्यत अशी झोकात करायची, की मामांच्या तोंडून एकदा तरी आपलं कौतुक निघालं पाहिजे.

आदल्या दिवशी दुपारी जेवता जेवता टीव्ही लावला. परदेशातल्या कुठल्याशा जुन्या मोटार शर्यतीवरचा माहितीपट चालू होता. सगळं काळं-पांढरं, वरून हिंदीत बोलणारा एक जड आवाज. मोटारी भिरभिरतायत, कडेला माणसं टोप्या घालून, खात-पीत, पोरांना खांद्यावर घेऊन उभी. आणि बघता बघता एक मोटार उधळली ती सरळ माणसांत.

मला वाटलं, आता शर्यत थांबणार. कसली थांबते? इकडं माणसं उचलतायत आणि तिकडं मोटारी पळतायतच. मला काही उमगेना. हे खरं, का सिनेमा? आणि मघाचं ते खांद्यावरचं पोर कुठं गेलं? घास हातातच राहिला. उद्या आमच्याकडंही पोरं अशीच बापाच्या खांद्यावर बसणार होती.

तेवढ्यात एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ पडद्यावर आले. त्यांच्या मागं रस्त्याच्या कडेला गवताचे भारे रचलेले. गृहस्थ म्हणाले, "ही माणसं वाचवायची तर एकच गोष्ट करायला हवी होती. ती म्हणजे..."

आणि लाईट गेली.

आता तुम्हीच सांगा, मागं भारे दिसतायत म्हटल्यावर माणसानं काय समजायचं? मी समजलो. कडेला भारे रचायचे!

तसाच हात धुऊन उठलो. गवत आमच्याकडं कुठलं, आणि कडब्याला कुणी हात लावू देत नाही. पण कारखाना चालू होता, उसाची तोड जोरात होती. फडात वाढे, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवागार पाला, ढिगानं पडलेले. ट्रॅक्टर लावून ट्रॉल्या भरून आणले आणि धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढा कठडा उभा केला.

सकाळी जो येईल तो खूष. सरपंच म्हणाले, एवढा विचार आजवर कुणी केला नव्हता. बैलवाले तर लांबूनच हात जोडत होते. मी जरा चक्रावलोच. सगळ्या तालुक्यानं माहितीपट बघितला की काय? एकाला म्हटलं, सुरक्षा महत्त्वाची. तो म्हणाला, "व्हय तर, मुकी जनावरं हायती." मुक्या जनावरांचा इथं काय संबंध, ते मला कळलं नाही. पण कौतुक चालू असताना कोण कशाला विचारतो?

मग मामा आले. त्यांनी एक वाढा उचलला, मोडून बघितला, वास घेतला. "ताजा हाय," म्हणाले. "पाव्हणं, यंदा डोकं चालवलं तुमी. सकाळधरनं दोघांच्या पोटात काय न्हाय. भरल्या पोटी पळत न्हाईत ते."

पुढचं मी ऐकलंच नाही. 'डोकं चालवलं' एवढंच कानात घुमत होतं. बाजूला जाऊन बायकोला फोनसुद्धा केला. आणि अध्यक्षाच्या अधिकारात पहिलं पळायचा मान मामांच्या जोडीला दिला.

निशाण पडलं. सरदार आणि त्याचा जोडीदार असे सुटले, की मी माईकवर काय ओरडलो ते मलाच आठवत नाही. निम्म्यात आल्यावर सरदारनं मान वळवली. मग चाल कमी झाली. मग तो शांतपणे कडेला गेला आणि त्यानं कठड्यात तोंड घातलं. गाडीवान ओरडून दमला. ते बघून मागं पाळीसाठी थांबलेल्या जोड्यांनी कासरे ओढले, धरणाऱ्यांना फरपटत नेलं, आणि घटकेत सगळे बैल दोन्ही बाजूंनी ओळीत. मी माईकवर सांगत होतो, शर्यत थांबणार नाही. एकही बैल ऐकायला तयार नव्हता.

मी धावत मामांकडं गेलो. "मामा, ते वाढे वैरणीचे नव्हते."

"मग कशाचे व्हते?"

"बैल उधळला, तर माणसांच्या अंगावर येऊ नये म्हणून."

मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सरदारकडं. "न्हाय उधळला, हे खरं हाय," म्हणाले.

संध्याकाळी घरी तोच माहितीपट पुन्हा लागला. मामा शेजारीच बसले होते आणि नेमकी लाईट होती. पांढऱ्या केसांचे गृहस्थ म्हणाले, लोकांना लांब उभं करायला हवं होतं. बस, एवढंच. मामा हळूच म्हणाले, "दोरी बांधून भागलं असतं की, पाव्हणं."

पण एक सांगतो, त्या दिवसापासून मामा गावोगाव माझं कौतुक करतात. आमच्या जावयाच्या शर्यतीत कुणाला साधं खरचटलं न्हाय, म्हणतात. मग एखादा अनोळखी माणूस विचारतोच, पहिलं कोण आलं?

मामा सांगतात, "पयलं कोण येणार? समदे जेवत व्हते."