पूर्णाकाठची चूल आणि मनोहरभाऊ

मनोहरभाऊ गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मी अकोल्याहून अमरावतीला, दवाखान्यात त्यांना भेटायला गेलो होतो. नाकात नळी होती, आवाज पार बसला होता. हातानंच खुर्ची दाखवली आणि तब्येतीचं एक अक्षर न बोलता विचारलं, “कोनी खोडलं का बे आपल्याले?” गेली कित्येक वर्षं प्रत्येक भेटीत हाच प्रश्न. मी नेहमीसारखंच म्हणालो, “नाही भाऊ. कोणाची हिंमत आहे?” ते हसले नाहीत. भिंतीकडे पाहत म्हणाले, “मंग कोनी वाचलंच नसंल…” मी विषय बदलला. डबा कोण आणतं, झोप लागते का, असलं काहीतरी. त्यांचं म्हणणं खोडू शकणारा माणूस समोरच्या खुर्चीतच बसला होता, आणि तो डब्याची चौकशी करत होता.

मनोहरभाऊ भूगर्भशास्त्र शिकवत, मी भौतिकशास्त्र. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. जमिनीत गाडल्या गेलेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या चुलींचा त्यांना नाद होता आणि तो त्यांनी मलाही लावला. चुलीची माती लाल होईस्तोवर तापली की तिच्यातले लोहाचे बारीक कण मोकळे होतात. चूल विझून थंड होताना ते त्या काळच्या चुंबकीय उत्तरेच्या रोखानं थिजतात. पुन्हा कोणी तितकीच तापवली नाही तर तसेच राहतात. त्यामुळे अशी चूल सापडली की तुकडा उचलण्याआधी त्यावर आजच्या उत्तरेची रेघ ओढायची. मग प्रयोगशाळेत त्या रेघेवरून कळतं, तेव्हा होकायंत्र असतं तर काटा कुठं गेला असता. भाऊ हे कुणालाही सांगत. वलगावला एका म्हातारीच्या ओसरीत चहा घेताना म्हणाले, “मावशी, तुमच्या चुलीले उत्तर दिशा मालूम असते.” ती फुंकणी खाली ठेवून म्हणाली, “माह्या चुलीले माही सून बी मालूम नाही भाऊ, उत्तर कुठून मालूम असन!” परतीच्या वाटेवर भाऊ गाडी थांबवून हसले होते.

पूर्णेच्या काठी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर, ताम्रपाषाण काळातल्या एका घरात आम्हाला ती चूल मिळाली. खोदकामाचा शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी खड्डे बुजवायचे होते. एरवी आम्ही होकायंत्राची रेघ उन्हाच्या सावलीवरून ताडून पाहायचो. त्या दिवशी आभाळ भरून आलेलं, सावली नाही. भाऊंची पाठ दुखत होती, तरी कंबरपट्टा आवळून ते चुलीपाशी आडवे झाले आणि एकाच कुशीवर राहून सगळ्या तुकड्यांवर रेघा ओढल्या. निकाल आला तो चकित करणारा. त्या काळात उत्तर, आसपासच्या काळातल्या चुली सांगत होत्या त्यापेक्षा, बरीच पश्चिमेला कललेली निघाली. सगळे तुकडे एकमेकांशी जुळत होते, म्हणून शंका घ्यायला जागा नव्हती. दोन-चार पिढ्यांत पृथ्वीचं चुंबकत्व एवढं फिरलं, असा लेख आम्ही दोघांच्या नावानं छापला. भाऊंच्या सगळ्या आयुष्यात त्यांना एवढं खूश मी पाहिलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी मी त्यांच्या घरी जेवायला होतो. भाऊ हात धुवायला गेले तशा वहिनी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, “भाऊजी, त्याइले सांगू नका बरं. त्या कंबरपट्ट्यात मी चुंबकं शिवले. प्रदर्शनातून आनले होते. सांगतलं असतं तं बांधला असता का त्याइनं? पाहा, सारं खोदकाम पाठ टिकली!” मी वरणात भात कालवत राहिलो. होकायंत्रापासून वीतभर अंतरावर, सगळा दिवस, त्याच बाजूला… म्हणूनच सगळ्या रेघा सारख्याच चुकल्या असणार. भाऊ हात पुसत आले, “काय कुजबुज चालू हाय?” वहिनी म्हणाल्या, “लोनच्याचं इचारून राहिले.” मी हो म्हणालो.

वहिनींना वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती खोटी नव्हती, पण पुरीही नव्हती. लेखावर माझंही नाव होतं. त्या लेखामुळे चार लोक मला ओळखू लागले होते. भाऊंना खोडलं गेलेलं चाललं असतं. मला चाललं नसतं.

यंदा त्या टेकाडावर पुन्हा खोदकाम सुरू झालं आहे. नव्या चमूनं आमचाच आकडा पाया धरलाय, असं कळलं तेव्हा भाऊंना जाऊन जेमतेम महिना झाला होता. मी अमरावतीला गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, “मी तं अडाणी होती या कामात. तुमी तं नव्हते ना? मंग इतके दिस कावून गप होते?” त्याच पुढं म्हणाल्या, “ते रोज इचारत होते भाऊजी. इथं बसून. कोनी तपासून कावून पाहत नाही म्हनून.” पदरानं डोळे कोरडे करून त्या म्हणाल्या, “आता तपासता येते का? का चूल पुरीच उचलून आनली?”

पुरी उचलली नव्हती. भाऊ कधीच पुरी उचलत नसत. अर्धीच घ्यायची, अर्धी मातीत ठेवून वर वाळू पसरायची, उद्या कोणी येईल त्याला दिसावं म्हणून. त्या दिवशी आभाळाकडे पाहत मी चिडलो होतो, “भाऊ, घ्या ना सगळी!” ते म्हणाले होते, “आपन चुकलो असलो तं?”

गेल्या पंधरवड्यात आम्ही दोघं तिथं गेलो. चमूतल्या मुलीनं वाळू बाजूला केली. लख्ख ऊन होतं. वहिनींनी मला काही न विचारता पदराची पिन काढली, मोबाइल काढला, चष्म्याची डबी काढली, सगळं गाडीत ठेवलं आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या पलीकडे, बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. तिथून ओरडल्या, “इतकं दूर चालते का?” मी हात वर केला. सावलीवरून रेघ ओढली, होकायंत्रावरून ओढली, तुकडे उचलले. निकाल यायचाय. जो येईल तो भाऊंच्या आणि माझ्या नावांसकट छापून देईन.

वहिनी खड्ड्यापाशी आल्या तेव्हा चुलीचा कोपरा अजून जागेवर होता. “हे राह्यलं ना,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “राहू द्या.” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग त्या खाली बसून ओंजळीनं त्यावर वाळू टाकू लागल्या.